लिटरला दोन थेंब

ता. २ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. डाव्या कानाचं यंत्र पुन्हा बिघडलं हे वाचून वाईट वाटलं, पण खरं सांगू का, थोडं बरंही वाटलं. फोनवर मी एक सांगतो, तू भलत्याच गोष्टीचं उत्तर देतेस आणि वर मलाच ओरडतेस. त्यापेक्षा हे कागदावरचं बरं. इथे तुला मला मधेच तोडता येत नाही.

मोठी बातमी आधी. मला नोकरी लागली! चौसष्टाव्या वर्षी! पगार नाही, रजा नाही, पण पद आहे. मी आमच्या इमारतीचा पाणीप्रमुख झालो.

मागच्या वर्षी मोठा नळ फुटला तेव्हा आमच्या बारा घरांत तीन दिवस ठणठणाट होता, हे तुला लिहिलं होतं. पहिल्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनी रोग्यांना सोडावॉटरच्या गुळण्या करायला लावल्या. दुसऱ्या मजल्यावरच्या व्हायोलिन शिकवणाऱ्या बाईंनी घरात उरलेलं शेवटचं पाणी उकळून चहा केला, आणि दुसरा कप ओतताना त्यांना आठवलं की ते फुलदाणीतलं होतं. परवा या सगळ्यावर जिन्यात सभा भरली. पुन्हा अशी वेळ आली तर हाताशी पाणी हवं, ते शुद्ध हवं, वेळच्या वेळी बदलायला हवं, इथपर्यंत सगळे एका सुरात बोलत होते. हे करणार कोण, असं विचारल्यावर सगळे आपापल्या चपला न्याहाळायला लागले. मी हात वर केला. ताई, दुकानाला कुलूप लावून चार महिने झाले. किल्ली द्यायची घड्याळं आता कुणाच्या मनगटावर नाहीत. चार महिन्यांत माझा हात कशासाठीच वर झाला नव्हता.

आमचे चिरंजीव दर रविवारी फोन करून तेच सांगतात. एकटे राहू नका, घर विका, इकडे या. मी विचार करतो म्हणालो. तो म्हणाला की तुम्ही विचार करताय तोवर वर्ष जाईल. घाईराव हे नाव तू त्याला उगाच नाही ठेवलंस.

आता कामाचं. तू तीस वर्षं रुग्णालयाच्या औषधखान्यात मात्रा मोजल्यास. पाणी साठवायची आणि शुद्ध करायची कृती मला बारकाव्यासकट लिहून पाठव. तीस माणसं, तीन दिवस, माणशी दिवसाला चार लिटर असा हिशेब धरलाय. सरबतवाल्याकडून दहा-दहा लिटरचे अडतीस रिकामे कॅन आणले आहेत. ते सध्या माझ्या बैठकीत आहेत आणि मी स्वयंपाकघरात आहे.

उत्तर लवकर पाठव, आणि तुझा राग-लोभ नेहमीच्या मापाने पाठवत राहा.

तुझा धाकटा भाऊ,
टिकटिक

---

ता. ६ फेब्रुवारी

चि. टिकटिक यास,
अ. उ. आ.

पाणीप्रमुखसाहेब, अभिनंदन! लहानपणी आंघोळ चुकवायला पलंगाखाली लपणाऱ्या माणसाच्या हाती एका इमारतीचं पाणी आलंय, हे आईला कळायला हवं होतं.

कृती लिहिते. नीट वाच, आणि वाचताना तुझी ती हुशारी बाजूला ठेव. कॅन आधी साबणाने घासायचे, मग ब्लीच घातलेल्या पाण्याने आतून सगळीकडून विसळायचे, मग साध्या पाण्याने. दुधाचे डबे कुणी दिले तर घेऊ नकोस, कितीही घासलंस तरी त्यात दूध उरतंच. पाणी गढूळ असेल तर आधी निवळू द्यायचं, मग दुमडलेल्या स्वच्छ फडक्यातून गाळायचं. गॅस चालू असेल तर उकळण्यासारखं दुसरं काही नाही. एक मिनिट चांगलं खळखळून उकळायचं, नुसती वाफ दिसली की उतरवायचं नाही.

उकळणं जमण्यासारखं नसेल तर ब्लीच. कपड्यांचं साधं, वास नसलेलं, रंग नसलेलं. लिटरला दोन थेंब. गढूळ असेल तर चार. ढवळायचं आणि अर्धा तास थांबायचं. अर्ध्या तासाने पाण्याला ब्लीचचा अगदी पुसट वास यायला हवा. नाही आला तर पुन्हा तेवढेच थेंब, आणि आणखी पाव तास. मग झाकण घट्ट, जागा सावलीची, वर तारीख, आणि सहा महिन्यांनी पाणी बदलायचं. संपलं. औषधखान्यात आम्ही नव्या पोरींना हे एका दिवसात शिकवत होतो, तुला आठवडा देते.

मी ठीक आहे. मला कसली साठवण लागते, एकटीला पाण्याचा एक जग पुरतो. शेजारीण हल्ली दार वाजवते ते मला ऐकू येत नाही, म्हणून तीही आताशा वाजवत नाही. पुस्तकं आहेत. तू लिहीत जा.

व्हायोलिनच्या बाई तुझ्या पत्रांत बऱ्याच वेळा येतात असं माझ्या लक्षात आलंय. मी काही विचारत नाही.

थेंब मोजून, माया न मोजता,
ताई

---

ता. २४ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही, म्हणून लिहितोय. शाळेनंतर कागदावर एवढं पहिल्यांदाच लिहितोय, अक्षराला हसू नकोस.

शनिवारी बाबांकडे तासभर गेलो होतो. आत्या, मला काळजी वाटतेय. घरात पाऊल ठेवायला जागा नाही, सगळीकडे पाण्याचे कॅन. पलंगाखाली कॅन, कपाटासमोर कॅन. शर्ट काढायचा तर आधी चार कॅन सरकवावे लागतात. आत मावले नाहीत ते अकरा गॅलरीत, उन्हात रांगेने. आणि बाबा मधोमध स्टुलावर, डोळ्याला घड्याळाचं भिंग, हातात ती तेल द्यायची सुई. सुई एका बाटलीत बुडवायची, कॅनमध्ये टेकवायची, आणि मोजायचं. एकोणीस. वीस. मग पुढचा कॅन. मी काय करताय म्हणून विचारलं तर बोट वर करून मला गप्प केलं, कारण मधे बोललं तर मोजणी चुकते म्हणे.

ते आनंदात होते, हे मान्य. इतके आनंदात मी त्यांना आई गेल्यापासून पाहिलेलं नाही. पण आत्या, मला त्याचीच भीती वाटली. एका माणसाच्या घरात चारशे लिटर पाणी, आणि त्यात तो सुईने काहीतरी टोचतोय! ही म्हणाली की त्यांना ताबडतोब आपल्याकडे आणू या. खोली तयार आहे, आमच्या चिमणीने भिंतीवर चित्रंसुद्धा चिकटवली आहेत.

बाबा माझं ऐकत नाहीत. तुझं ऐकतात. तू एकदा लिहिलंस की जा, तर ते दुसऱ्या दिवशी सामान बांधतील. आम्ही दोघं २२ मार्चला, शनिवारी, तिकडे जाणार आहोत, घराचं काय ते बोलायला. त्याआधी तू मला मोकळेपणाने सांग, त्यांचं डोकं ठिकाणावर आहे ना? तू म्हणशील ते मी शेवटचं मानेन.

मी लिहिलंय हे त्यांना कळू देऊ नकोस. रागावू नकोस, जीव आहे म्हणून विचारतोय.

तुझा भाचा,
घाईराव

---

ता. २७ फेब्रुवारी

चि. घाईरावास,
अ. उ. आ.

तुझं अक्षर होतं तसंच आहे, शेवटची ओळ पहिलीच्या आधी पोहोचायला बघते. पत्र लिहिलंस ते फार बरं केलंस. किती बरं केलंस ते तुला आत्ता कळणार नाही.

निकाल मी राखून ठेवते. तू २२ तारखेला जा. गेल्या गेल्या घराचं काढू नकोस. आधी बाबांकडे त्या साठवलेल्या पाण्यातलं पेलाभर पाणी माग, वास घे आणि पी. पाणी चांगलं असेल तर तुझ्या बाबांचं डोकंही चांगलं आहे आणि ते आहेत तिथेच राहतील. पाणी खराब असेल तर मी स्वतः त्याला लिहीन की सामान बांध. माझा शब्द आहे हा, आणि मी तो मोडत नाही हे तुम्हा दोघांनाही ठाऊक आहे.

चिमणीला पापा. तिच्या आईला सांग, भिंतीवरची चित्रं राहू द्यावीत.

तुझी,
आत्या

---

ता. २७ फेब्रुवारी

टिकटिक,

आशीर्वाद नंतर. आधी ऊठ आणि गॅलरीतला पहिला कॅन उघड. मी थांबते.

बघितलंस?

अरे शहाण्या, थेंब म्हणजे ड्रॉपरचा थेंब! ड्रॉपर! काचेची नळी, वर रबराचा फुगा, वीस थेंबांचा एक मिलिलिटर. तुझ्या त्या सुईच्या टोकाला जे लटकतं त्याला थेंब म्हणत नाहीत, ते डासाच्या डोळ्यातलं पाणी आहे. त्याने बायकांच्या मनगटी घड्याळातलं चाक तेलकट होत असेल, दहा लिटर पाणी शुद्ध होत नाही. असे वीस घातलेस काय आणि दोनशे घातलेस काय, पाण्याला पत्ताही लागला नसेल. आणि वास? अर्ध्या तासाने वास बघायला सांगितला होता तो कुणी बघितला? शिवाय सावली लिहिलं होतं मी, सावली. ऊन नव्हे.

हसता हसता माझा चष्मा चहात पडला. भिंग लावून तू अडतीस कॅनना सुया टोचतोयस आणि इमारतभर लोक तुझ्याकडे भक्तिभावाने बघतायत, हे चित्र डोळ्यांसमोरून हलत नाहीये. तीस वर्षं औषधखान्यात काढली, मात्रेच्या शंभर चुका पाहिल्या, पण ही चूक जगात फक्त घड्याळजीच करू शकतो.

आता हसणं पुरे. हे पाणी कुणी प्यायलं तर आजारी पडेल. सगळं ओत. कॅन पुन्हा घास. दातांच्या डॉक्टरांकडे ड्रॉपर असेलच, तो माग. आणि हे सगळं २२ मार्चच्या आत व्हायलाच हवं. का ते विचारू नकोस, मी तुझी मोठी बहीण आहे, तेवढं कारण पुरे.

आता घे आशीर्वाद. अनेक.

ताई

---

ता. ६ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र शनिवारी मिळालं. उभ्या उभ्याच वाचलं, मग बसलो. मग गॅलरीतला पहिला कॅन उघडला.

हिरवं होतं. आत शेवाळ आणि वर तवंग. आतल्या खोलीतलं दिसायला बरं होतं, पण डॉक्टरांनी नाक लावलं आणि दोन पावलं मागे गेले. वासाचं विचारतेस तर ऐक. चाळीस वर्षं घड्याळाचे भाग पेट्रोलमध्ये धुऊन माझं नाक कधीच कामातून गेलंय. म्हणून वास घ्यायचं काम मी व्हायोलिनच्या बाईंवर सोपवलं होतं. त्यांनी अडतीसच्या अडतीस कॅन हुंगले आणि प्रत्येक वेळी मान डोलावली. आता विचारलं तर म्हणतात की वास कशालाच येत नव्हता, पण तुम्ही इतके मन लावून करत होता, मला नाही म्हणवेना. ताई, अशा भल्या माणसांमुळेच एखाद्या दिवशी जग बुडेल.

मी जिन्यात उभं राहून सगळ्यांना सांगितलं की चूक झाली, माझी झाली, पाणी ओतायचं आहे. मला वाटलं होतं पद गेलं. पण आधी डॉक्टर हसले, मग बाई, मग सुईचा किस्सा वरपर्यंत पोचला आणि चौथ्या मजल्यावरूनही हसण्याचा आवाज आला. रविवारी सकाळी सगळी इमारत जिन्यात होती. दर चौथ्या पायरीवर एक माणूस, आणि कॅन हातोहात खाली. मी जुन्या शर्यतीच्या घड्याळावर वेळ लावली, चोवीस मिनिटांत अडतीस कॅन उतरले! त्याच पाण्याने जिना धुऊन काढला, फरशी मुळात पांढरी आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. मग घासणं, विसळणं, भरणं, आणि डॉक्टरांचा ड्रॉपर. कॅनला वीस थेंब, खरे, टपोरे, पडताना ऐकू येणारे. अर्ध्या तासाने डॉक्टरांनी वास घेतला आणि पोहण्याच्या तलावाची आठवण झाली म्हणाले. सगळ्या कॅनवर पाणी बदलायची एकच तारीख टाकली आहे, ३१ ऑगस्ट. आता कॅन बारा घरांत वाटलेत, सावलीत, आणि माझ्या बैठकीत मला पुन्हा बसता येतं.

आता दुसरं. भिंगाचं आणि गॅलरीचं मी तुला लिहिलं नव्हतं. म्हणजे ते दुसऱ्या कुणीतरी लिहिलं, आणि गॅलरी बघून गेलेला बाहेरचा माणूस एकच. त्यात तू २२ मार्च म्हणतेस. मी घड्याळं उघडून काय बिघडलंय ते बघण्यात जन्म काढलाय ताई, मला जोडता येतं.

मला वाईट वाटलं. राग नाही, वाईटच वाटलं. मुलगा चांगला आहे, सून चांगली आहे, घर मोठं आहे. पण त्यांच्या घरी घड्याळ फोनमध्ये आहे, पाणी बाटलीत येतं आणि किल्ली द्यायला एकही वस्तू नाही. मी तिथे खुर्चीत बसेन आणि सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलतील. मला जायचं नाही. नात आठवते, फार आठवते, पण आठवते म्हणून घर सोडायचं नाही. हे मी त्याला तोंडावर सांगू शकत नाही, त्याचं तोंड पडतं.

तू त्याला काय निकाल कळवलास? लिही. नाहीतर राहू दे, २२ ला कळेलच.

आशीर्वाद आणि माफी दोन्ही एकाच पाकिटातून पाठव.

तुझा,
टिकटिक

---

कार्ड
ता. १९ मार्च, मुक्काम घाईरावाचं घर, आठवा मजला, लिफ्ट बंद

ती. ताईस शि. सा. न. वि. वि. रेडिओवर ऐकलं असशीलच, इकडे रविवारी नदी चढली, पाण्याचा पंप आणि विजेचं केंद्र दोन्ही बुडाली. नळ कोरडे, वीज नाही, दुकानांतल्या बाटल्या दोन तासांत संपल्या. घाईरावाचा फोन लागेना. मग मी वाट बघितली नाही. डॉक्टरांनी गाडी काढली, आमच्या बारा घरांनी आपापल्या वाटणीतून बावीस कॅन दिले, कुणाला मागावे लागले नाहीत. आम्ही सगळे ठीक. चिमणीचं पोट जरा बिघडलं होतं, आता उड्या मारते आहे. फार काम आहे, कार्ड संपलं. ड्रॉपर आणलाय, सुई घरी! टिकटिक

---

ता. २६ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

बाबांचं कार्ड मिळालं असेल. त्यांनी त्यात काहीच लिहिलेलं नसणार, म्हणून मी लिहितो.

सोमवारी दुपारपर्यंत आमच्याकडे अर्धी बाटली उरली होती. चिमणीने रविवारी दात घासताना नळातलं शेवटचं तांबूस पाणी गिळलं होतं आणि तिला उलट्या होत होत्या. आमची शेगडी विजेची, म्हणजे उकळायचीही सोय नाही. आत्या, मी कधी नव्हे इतका घाबरलो होतो. तेवढ्यात दार वाजलं. उघडलं तर बाबा! आठ मजले चढून आलेले, कपाळावर भिंग, आणि धापा टाकत पहिलं काय विचारलं असेल तर या इमारतीच्या जिन्याला पायऱ्या किती.

एकशे बावन्न आहेत. मला माहीत नव्हतं, मी इथे नऊ वर्षं राहतो. बाबांनी दारं वाजवून वाजवून अडतीस माणसं गोळा केली आणि दर चौथ्या पायरीवर एकेक उभा केला. ज्यांची तोंडं मी लिफ्टमध्ये फक्त बाजूने पाहिली होती त्यांच्या हातातून कॅन घेत होतो. बाबा खाली घड्याळ धरून उभे, आणि वर ओरडून सांगत होते की पाचव्या मजल्यावर दोन सेकंद वाया जातायत. पाचव्या मजल्यावर एक बँकेतले मोठे साहेब होते. दुसऱ्या कॅनपासून ते सुधारले.

मग मला तुझी परीक्षा आठवली. बाबांकडे पेलाभर पाणी मागितलं. वास घेतला, अगदी पुसट होता, तू म्हणतेस तसा. प्यायलो. पेला पुन्हा पुढे केला. बाबा माझ्याकडे बघत होते आणि मला कळलं की त्यांना सगळं माहीत आहे. दुसरा पेला त्यांनी काठोकाठ भरला.

बुधवारी नळ आला, पण चहाच्या रंगाचा. मग निवळणं, हिच्या चादरी दुमडून गाळणं, लिटरला चार थेंब, अर्धा तास. आमच्या बैठकीत रांग लागली होती. बाबा प्रत्येकाला आधी सुईची गोष्ट सांगायचे, स्वतःवर पोट धरून हसायचे, आणि मग ड्रॉपर हातात द्यायचे. चिमणी थेंब मोजण्यात पटाईत झाली आहे, कुणी मधे बोललं तर बोट वर करून गप्प करते. आता वीज आली, पाणीही स्वच्छ येतंय, आणि इमारतीने बाबांना कायमचे राहा म्हणून अर्ज दिलाय, सह्यांसकट. मीही राहा म्हटलं. आधी ठरवून म्हणत होतो, या वेळी मनापासून म्हटलं. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले की उद्या रविवार आहे, घरी कॅन तपासायचा दिवस असतो. शनिवारी, २२ तारखेलाच, ते गेले.

आत्या, मी घर विकण्याचं डोक्यातून काढून टाकलं होतं. पण आता एक गोष्ट विचारतो. जायच्या दिवशी सकाळी बाबांनी बारा कॅन आमच्यासाठी नव्या पाण्याने भरून ठेवले. सगळे एकाच सकाळी, माझ्यासमोर. सहा महिन्यांनी बदलायचे हे त्यांनीच आम्हाला दहादा सांगितलं. पण काल हिने कॅन झाडताना बघितलं, तर बाराही कॅनवर बदलायच्या तारखा वेगवेगळ्या. एकावर ५ एप्रिल, दुसऱ्यावर १९ एप्रिल, मग ३ मे, अशा करत शेवटच्यावर ६ सप्टेंबर. इतकं सगळं बिनचूक केलं आणि साध्या तारखा चुकल्या? की मला नको तीच शंका खरी होती? फोन हातात घेतला होता, पण विचारायचा धीर होईना.

तूच सांग. वाट बघतोय, आणि या वेळी घाई आहे ती माझ्या स्वभावामुळे नाही.

तुझा,
घाईराव

---

ता. ३० मार्च

चि. घाईरावास,
अ. उ. आ.

तुझ्या बाबांनी चाळीस वर्षांत तारखेचं एकही घड्याळ चुकीचं लावून दिलेलं नाही. त्यांच्या स्वतःच्या अडतीस कॅनवर एकच तारीख होती, हे त्यांनी मला लिहिलंय.

बाळा, कॅलेंडर काढ. त्या बारा तारखांचे वार बघ. सगळे शनिवार आहेत. एक सोडून एक शनिवार, तुझ्या सुट्टीचे. आणि कॅन बदलणार कोण, हे त्यांनी तुम्हाला सांगितलं होतं का? नसणार. ते स्वतः येणार आहेत. शनिवारी यायचं, एक कॅन बदलायचा, चिमणीशी थेंब मोजायचे आणि रविवारी आपल्या इमारतीत हजर व्हायचं. तुझ्या घरी त्यांना रिकामं बसायचं नव्हतं रे, काम घेऊन यायचं होतं. ते त्यांनी करून घेतलं.

निकाल विचारला होतास, तो हा. त्यांचं डोकं तुझ्या-माझ्यापेक्षा ठिकाणावर आहे. तुला कळलं हे त्यांना कळू देऊ नकोस. ५ एप्रिलला दार उघड आणि कॅन बदलायला झाला म्हण, बस्स.

तुझी,
आत्या

---

ता. ३० मार्च

चि. टिकटिक यास,
अ. उ. आ.

पाणीप्रमुखसाहेब, घाईरावाने मला शंका विचारली की बारा कॅनवर बारा तारखा का. मी त्याला कळवलंय की ते अगदी शास्त्रशुद्ध आहे. माझ्या तीस वर्षांच्या अनुभवाची सही मी त्याखाली केली आहे, तेव्हा आता शनिवार चुकवू नकोस.

व्हायोलिनच्या बाईंना माझा नमस्कार सांग. नाक कामाचं नसलं तरी बाई कामाच्या आहेत, असं माझं मत झालंय. मी काही विचारत नाही.

आता माझं. मागे तुला लिहिलं होतं की मला एकटीला एक जग पुरतो. ते खोटं होतं. तीन वर्षं खोटं लिहितेय. इथे दिवसभर कुणी दार वाजवत नाही, आणि वाजवलं तर मला ऐकू येत नाही. तुझी पत्रं आली की मी ती दोनदा वाचते, एकदा तुझ्यावर हसायला आणि एकदा नुसतीच. पलंगाखालची जागा मी काल रिकामी केली. सावली आहे, मापून बघितली, बारा कॅन बसतात.

घेऊन ये. एकदम सगळे आण किंवा एकेक आण, तुझ्या सोयीने. दार जोरात वाजव, थांबू नकोस, मी उघडेपर्यंत वाजवत राहा. आणि तारखा तूच घाल, पण शनिवार चिमणीचे आहेत, तेव्हा मला रविवार सोडून दुसरा कुठलाही वार दे.

तुझी,
ताई